क्लाउडवर पहिलं खातं उघडताना: आधी नाव, मग कार्ड, मग मशीन

सोलापुरात बसून वेब ॲप्लिकेशन बनवणारी पोरं-पोरी आता बरीच आहेत. कोणी टॉवेलच्या कारखान्याची ऑर्डरवही करतंय, कोणी क्लासच्या फीची नोंद, कोणी डाळिंबाच्या अडत्याचा हिशेब. लॅपटॉपवर ॲप छान चालतं. ते इंटरनेटवर, म्हणजे क्लाउड कंपनीच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर (त्यालाच पुढे मशीन म्हणते), ठेवायची वेळ आली की मात्र गाडी अडते, आणि अडते ती कोडमध्ये नाही, खातं उघडतानाच. कार्ड चालत नाही, ओटीपी येत नाही, जीएसटीचा रकाना काय भरायचा कळत नाही. मग कोणीतरी घाईघाईत स्वतःच्या नावावर खातं काढतं आणि पुढची दोन वर्षं ते निस्तरत बसतं.

मी हे पहिल्यांदा केलं ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी. त्यानंतर इतरांची बरीच खाती उघडून दिली. त्यातून जे हाती लागलं ते क्रमानं लिहिते. उदाहरणं मुख्यतः ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेची आहेत, कारण नवीन माणूस बहुतेक तिथूनच सुरुवात करतो. गूगल क्लाउड, मायक्रोसॉफ्ट ॲझ्युअर किंवा डिजिटलओशन घेतलंत तरी पायऱ्या जवळपास याच.

१. खातं कोणाच्या नावावर, हे आधी ठरवा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून यावर जरा थांबते.

त्या कारखान्याच्या अण्णांकडे माझ्या आधी एक ॲप होतं. ज्या मुलानं ते केलं त्यानं खातं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डावर उघडलं होतं. मुलगा प्रामाणिक होता. त्याला हैदराबादला नोकरी लागली, तो गेला. कार्डाची मुदत संपली, बिल थकलं. थकबाकीची पत्रं त्याच्या कॉलेजच्या जुन्या मेलबॉक्सवर जात राहिली आणि तो मेलबॉक्स कोणी उघडतच नव्हतं. आधी खातं थांबवलं गेलं, मग बंद झालं, मग आतला डेटा गेला. कोणत्या पार्टीला कोणत्या मापाचे किती डझन टॉवेल गेले, त्याची दोन वर्षांची नोंद त्यात होती.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अण्णांनी लाल कापडी बांधणीची जुनी वही समोर ठेवली. "ही तर आहे की ताई. मशिनमधलं तेवढं गेलं बघा." वहीत त्यांच्या अक्षरातल्या नोंदी ॲप येण्याच्या महिन्यापर्यंत होत्या, त्यापुढे पानं कोरी.

कारखान्याचं लाइटचं मीटर कोणी वायरमनच्या नावावर घेत नाही. हेही तसंच धरा. ॲप ज्याच्या धंद्यासाठी आहे त्याच्याच नावावर खातं, त्याचाच ईमेल, त्याचाच मोबाइल, त्याचंच कार्ड. तुम्हाला काम करायला त्या खात्यात वेगळा युजर काढता येतो, आणि तुम्ही काम सोडलंत की तो युजर काढूनही टाकता येतो. डोमेनला, म्हणजे वेबसाइटच्या नावालाही, हाच नियम.

मालक म्हणतील, "तुमच्याच कार्डावर घ्या, मी महिन्याला पैसे देतो." नाही म्हणा. चार महिने पैसे वेळेवर येतात, पाचव्या महिन्यात तुम्हाला मागावे लागतात आणि संबंध बिघडतात.

स्वतःच्या सरावासाठी खातं उघडत असाल तर ते तुमच्याच नावावर असू दे, पण कॉलेजचा ईमेल देऊ नका. पदवीनंतर तो बंद झाला तर पासवर्ड बदलण्याची वाटही त्याच्याबरोबर बंद होते.

२. क्लाउड खरंच लागतंय का?

दुकानाची माहिती, फोटो, पत्ता, फोन नंबर एवढंच दाखवायचं असेल तर मशीन घेऊ नका. अशी साधी पानं गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट राहतात आणि कार्डही द्यावं लागत नाही. लॉगिन आहे, डेटाबेस आहे, दोन माणसं एकाच वेळी नोंद करणार आहेत, तेव्हा पुढच्या पायऱ्या.

३. कागदपत्रं आणि साहित्य

फॉर्म उघडण्याआधी हे सगळं टेबलावर हवं. अर्ध्यातून उठलात तर पान कालबाह्य होतं आणि पहिल्यापासून भरावं लागतं.

- धंद्याच्या नावाचा ईमेल, ज्याचा पासवर्ड मालकाकडेही आहे.
- ओटीपी आणि फोन, दोन्ही येतील असा मोबाइल. मालकाचाच.
- पॅन कार्ड.
- जीएसटी नोंदणी असेल तर तिचं प्रमाणपत्र. फोटो चालेल, पण अक्षरं स्पष्ट वाचता यायला हवीत.
- व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट वा क्रेडिट कार्ड. रुपे प्रत्येक ठिकाणी चालेलच असं नाही, म्हणून पेमेंटच्या पानावर चिन्हं बघून घ्या. तिथेच यूपीआय दिसलं तर तेही वापरता येईल.
- बँकेच्या नोंदीत जसा आहे तसाच्या तसा पत्ता, पिनकोडसह.
- मोबाइलमध्ये कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा किंवा फर्मचा पॅन. टाइप केल्यावर ही दहा अक्षरं पॅनशी ताडून बघा. शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल इथेच पकडली जाते.

४. कार्ड तयार करा, फॉर्मच्या आदल्या दिवशी

"कार्ड डिक्लाइन्ड" हा निरोप पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं कार्डाचा नंबर चुकला. चार वेळा भरला. कारण वेगळंच होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशिनवर चालतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकानं स्वतः सुरू करायचे असतात. ज्या कार्डानं कधी ऑनलाइन काही घेतलेलंच नाही, ते इथे अडणारच.

बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये कार्ड सेटिंग किंवा लिमिट असं काहीतरी असतं. तिथे ऑनलाइन व्यवहार सुरू करा, परदेशी व्यवहारही सुरू करा आणि मर्यादा लहान ठेवा. मी दोन हजारांवर ठेवते. मालकांकडे ॲप नसेल तर शाखेत जावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी.

दुसरी गोष्ट दर महिन्याच्या बिलाची. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी आधी परवानगी नोंदवावी लागते, म्हणजे ई-मॅन्डेट. नोंदवताना एकदा ओटीपी, मग प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना. १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही, त्यावर लागतो. बँकेकडून असा मेसेज आला की मालक घाबरून फोन करतात, "ताई, कोणतर पैसे काढालंय." त्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते परवानगी रद्द करतात आणि बिल थकतं.

५. फॉर्म भरणं

बहुतेक जागी क्रम असा: ईमेल, त्यावरचा कोड, पासवर्ड, नाव-पत्ता, कार्ड, फोनची पडताळणी, शेवटी योजना निवडणं.

खात्याचा प्रकार विचारला की धंद्यासाठी असेल तर बिझनेस निवडा. देश भारत निवडलात की एडब्ल्यूएसचं बिल त्यांच्या भारतीय कंपनीकडून येतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. किमतीच्या पानावर दिसणारे डॉलरचे आकडे कराशिवायचे असतात, हे मालकाला खर्च सांगताना विसरू नका. जीएसटी क्रमांक बिलिंगच्या टॅक्स सेटिंगमध्ये भरायचा असतो. तो भरला तरच बिलावर छापून येतो आणि तरच त्या कराचं क्रेडिट घेता येतं. पहिल्याच दिवशी भरा, जुन्या बिलांवर तो मागाहून चढवून घेणं फार कटकटीचं आहे.

कार्ड खरं आहे का बघायला एक-दोन रुपयांचा व्यवहार होतो आणि तो परत येतो. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही.

फोनच्या पडताळणीत आम्ही अर्धा तास घालवला. मेसेज येईना म्हणून मी फोनचा पर्याय निवडला. अण्णांचं ऑफिस शेडला लागून आहे, मधे नुसता पत्र्याचा दरवाजा, आणि पलीकडे सगळे माग सुरू. फोन आला, अण्णांनी कानाला लावला, दुसरा कान हातानं दाबला. "काय तर बोलतंय इंग्लिशमध्ये, ऐकू येईना की!" दुसऱ्यांदा फोन आला तोही तसाच गेला. तिसऱ्या वेळी आम्ही लॅपटॉप उचलून गेटजवळच्या लिंबाच्या झाडाखाली गेलो. अण्णांनी फोन स्पीकरवर ठेवला, पडद्यावरचा कोड मी एकेक आकडा करून सांगितला, त्यांनी तो फोनवर दाबला. अंगठ्याला सुताचा तूस चिकटलेला होता, त्यामुळे एक आकडा दोनदा दाबावा लागला. शांत जागा आणि चार्ज केलेला फोन, एवढं आधी बघून ठेवा. लागोपाठ चुकलात तर काही तास थांबायला सांगतात.

शेवटी सपोर्टची योजना विचारतात. फुकटची बेसिक घ्या. पैसे देऊन घ्यायची योजना सुरुवातीला लागत नाही.

इथे एक सापळा. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ सांगतात की एडब्ल्यूएसवर बारा महिने फुकट मिळतं. १५ जुलै २०२५ पासून नव्या खात्यांना ते लागू नाही. आता खातं उघडल्यावर १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, ठरावीक कामं करून बघितली तर आणखी १०० पर्यंत. फुकटची योजना सहा महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. त्यानंतर पैसे भरायच्या योजनेवर गेलं नाही तर खातं बंद होतं. गूगल क्लाउड ९० दिवसांसाठी ३०० डॉलर देतं, ॲझ्युअर ३० दिवसांसाठी २०० डॉलर. मुदत संपायची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा, कारखान्यातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

६. पहिला तास कुलपं लावण्याचा

मशीन घ्यायची घाई होते, मला कळतं. तरी आधी हे.

ज्या ईमेलनं खातं उघडलं तो सर्वाधिकारी युजर, रूट. त्याला ऑथेंटिकेटरची दुसरी पायरी लावा, मालकाच्याच मोबाइलवर. मग तुमच्यासाठी वेगळा युजर काढा, त्यालाही दुसरी पायरी लावा आणि रोजचं काम त्यातूनच करा. रूटसाठी ॲक्सेस की, म्हणजे प्रोग्रॅमला खात्यात शिरू देणारा गुप्त कोड, कधीच बनवू नका.

आणि कोणतीही की कोडच्या फाइलमध्ये लिहू नका. गिटहबवर उघड्या रिपॉझिटरीत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या फोल्डरमध्ये) की गेली की ती शोधत फिरणारे प्रोग्रॅम काही मिनिटांत उचलतात आणि तुमच्या खात्यावर मोठमोठी मशिनं सुरू करतात. फाइल नंतर पुसली तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या प्रतीत, ती राहतेच. असं झालंच तर आधी ती की रद्द करा, बाकीचं आवरणं त्यानंतर.

७. बजेटची सूचना

बिलिंगमध्ये बजेट नावाचा भाग असतो. महिन्याची रक्कम ठरवा, तिच्या ५० टक्के, ८० टक्के आणि १०० टक्क्यांवर ईमेल येईल असं लावा. ईमेल दोघांना, तुम्हाला आणि मालकाला.

या सूचनेनं खर्च थांबत नाही. ती फक्त कळवते, तेही काही तासांच्या उशिरानं, कारण खर्चाचे आकडे लगेच जमा होत नाहीत. "बजेट ५०० लावलंय म्हणजे ५०० च्या वर जाणार नाही" हा समज मी चांगल्या शिकलेल्या मुलांकडून ऐकलाय. मेल आला की उठून बघायलाच लागतं.

८. मशीन घेणं

*जागा.* वर कोपऱ्यात रीजन, म्हणजे मशीन ठेवायचं ठिकाण, दिसतो. पुष्कळदा तो अमेरिकेतला असतो. तो आधी बदला. एडब्ल्यूएसचं मुंबई २०१६ पासून आहे, हैदराबाद २०२२ पासून. गूगलचं मुंबई आणि दिल्लीत, डिजिटलओशनचं बेंगळुरूत, आणि ॲझ्युअरचा सेंट्रल इंडिया तर आपल्या पुण्यात. सोलापूरच्या वापरासाठी यातलं कोणतंही चालेल. अमेरिकेतल्या मशिनवर प्रत्येक क्लिकला जाणवेल इतका उशीर लागतो.

एका रीजनमधलं मशीन दुसऱ्या रीजनच्या पानावर दिसत नाही. मी सरावात एक मशीन चुकून परदेशी रीजनमध्ये बनवलं, मग मुंबईत नवीन घेतलं, आणि पहिलं दिसेना म्हणून ते नाहीच असं धरून चालले. तीन महिने त्याचं बिल भरलं.

*आकार.* उबंटू लिनक्सची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती, एक जीबी मेमरीचं छोटं मशीन, २० जीबीच्या आसपास डिस्क. पाच-दहा माणसांच्या नोंदींना हे पुरतं. मात्र एवढ्या मेमरीवर एनपीएमचं बिल्ड (कोडपासून तयार फाइल्स बनवणं) मधेच मरतं आणि पडद्यावर नुसतं "किल्ड" येतं. दोन जीबीचं स्वॅप (मेमरी म्हणून वापरायची डिस्कवरची जागा) लावा, नाहीतर बिल्ड लॅपटॉपवर करून तयार फाइल्स वर चढवा. मी दुसरं करते.

*किल्ली.* मशीन बनवताना एसएसएचच्या, म्हणजे लांबून मशिनमध्ये लॉगिन करायच्या, खाजगी किल्लीची फाइल उतरवायला मिळते, आणि ती एकदाच. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडू देऊ नका. लिनक्सवर तिला सीएचमॉड ४०० (फक्त तुम्हाला वाचता येईल अशी परवानगी) द्या, नाहीतर एसएसएच ती घेत नाही. ती व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवू नका.

*दारं.* पोर्ट म्हणजे मशिनची क्रमांक असलेली दारं. वेबसाइटचे ८० आणि ४४३ सगळ्या जगाला उघडे. एसएसएचचा २२ फक्त तुमच्या इंटरनेटच्या आयपी पत्त्याला. घरचं इंटरनेट किंवा मोबाइल हॉटस्पॉट असेल तर हा पत्ता बदलत राहतो. लॉगिन अचानक बंद पडलं की आधी हेच तपासा. कंटाळून २२ सगळ्यांना उघडू नका. आणि डेटाबेसचे पोर्ट, मायएसक्यूएलचा ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२, रेडिसचा ६३७९, बाहेर कधीही उघडायचे नाहीत. ॲप त्याच मशिनवर आहे, त्याला आतून मिळतं.

पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा, ॲप सिस्टमडीखाली (लिनक्समधल्या प्रोग्रॅम सुरू ठेवणाऱ्या व्यवस्थेखाली) चालवा म्हणजे मशीन रीस्टार्ट झालं तरी ते आपोआप उठेल. हे खरंच होतं का ते एकदा रीस्टार्ट करून, मालकांसमोर बघा.

९. पत्ता आणि कुलूपचिन्ह

मशीनला कायमचा आयपी घ्या, नाहीतर बंद करून चालू केलं की पत्ता बदलतो. मग डोमेनच्या डीएनएसमध्ये (नाव कोणत्या आयपीवर जातं त्या नोंदवहीत) ए रेकॉर्ड ही नोंद त्या आयपीकडे वळवा. पसरायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात दर दोन मिनिटांनी बदल करत बसू नका.

एचटीटीपीएससाठी, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या कुलूपचिन्हासाठी, लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते बसवून देतो. त्याची मुदत ९० दिवसांची असते, नूतनीकरण आपोआप होतं. पण नेहमीच्या पद्धतीत डोमेन तुमचंच आहे का या तपासणीला पोर्ट ८० लागतो. "आता ४४३ आहे, मग ८० कशाला" म्हणून तो बंद केला की तीन महिन्यांनी एका सकाळी सगळ्यांच्या पडद्यावर लाल इशारा येतो आणि ऑर्डर घेणं थांबतं.

१०. बॅकअप

रोज रात्री डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, वेगळ्या स्टोरेजमध्ये. आठवड्यातून एकदा तो कारखान्याच्या कॉम्प्युटरवरही उतरवा. आणि महिन्यातून एकदा लॅपटॉपवर परत चढवून बघा, कारण न उघडणारा डंप काही कामाचा नाही.

११. बंद करताना

मशीन "स्टॉप" केलं म्हणजे सगळं थांबलं असं होत नाही. डिस्कचं भाडं चालूच राहतं. राखून ठेवलेल्या आयपीचंही. एडब्ल्यूएसवर १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर लागतात, वापरात असो वा नसो. तीस दिवसांचे ७२० तास, म्हणजे ३.६० डॉलर, वर कर. नको असलेलं मशीन टर्मिनेट करा, म्हणजे कायमचं काढून टाका, मग डिस्क, स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) आणि आयपी वेगवेगळे तपासून काढा. प्रत्येक रीजनमध्ये.

१२. मालकाच्या हातात एक कागद

काम संपलं की मी एका पानावर मराठीत लिहून देते: खातं कोणत्या ईमेलवर आहे, कोणती कंपनी, कोणता रीजन, डोमेन कोणाकडून घेतलं आणि नूतनीकरणाची तारीख, कार्डाची मुदत कधी संपते, बिल साधारण कोणत्या तारखेला येतं, ऑथेंटिकेटर कोणत्या मोबाइलवर आहे, बॅकअप कुठे आहे. पासवर्ड त्यावर लिहीत नाही. तो आणि खात्यात परत शिरायचे राखीव कोड वेगळ्या पाकिटात, कपाटात.

अण्णांनी तो कागद लाल वहीच्या पुठ्ठ्याला आतून खळीनं चिकटवला. मागच्या महिन्यात कार्ड बदललं तेव्हा त्यांनी मला फोन केला नाही. मुलाला बसवून, कागद बघून, नवीन कार्ड स्वतःच भरलं.